रावसाहेबांची सोयरीक

पक्ष्यांची लग्नं जमवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी समन्वयक बाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. या बाई चार देशांतल्या प्राणिसंग्रहालयांच्या सोयरिकी जुळवतात. आमच्या प्राणिसंग्रहालयातली कबुतरं मूळची एका लहानशा बेटावरची; तिथली सगळी उंदरांनी संपवली. आता उरलीत ती आमच्यासारख्यांच्या पिंजऱ्यांतच. ती वाढली, तरच कधीतरी बेटावर परत सोडता येतील. आमचा नर, रावसाहेब, लग्नाच्या वयात आला आणि विमानानं सूनबाई आल्या. या हंगामात अंडं झालं नाही, तर त्या दुसरीकडे जाणार आणि रावसाहेबांचा वंश खुंटणार, असं बाईंनी बजावलं होतं.

मी पिंजऱ्याचं दार उघडलं. रावसाहेबांनी सूनबाईंना चोचीनं झोडपून कोपऱ्यात बसवलं, एक काडी उचलली आणि मान झुकवून माझ्या बुटावर आणून ठेवली. या पक्ष्यांत काडी देणं म्हणजे लग्नाची मागणीच!

आई मेल्यावर या पिल्लाला मीच खिशात ठेवून भरवलं होतं. त्यामुळे आपली बायको म्हणजे मीच, अशी स्वारीची ठाम समजूत.

पण हार मानतो कोण? दुसऱ्याला दाणे घेऊन पाठवलं, तर रावसाहेब उपाशी बसले. मग ओळखू नये म्हणून मी डॉक्टरांचा पांढरा कोट चढवून गेलो, तर दोन काड्या आल्या. शेवटी बायकोचा गाऊन घालून गेलो. रावसाहेब बेभान होऊन नाचायला लागले आणि नेमके तेव्हाच संचालक पाहुण्यांना घेऊन आले.

घरी बायको इस्त्री करत होती. तिच्यापुढे रडगाणं गायलो. रावसाहेबांचं माझ्यावरचं प्रेम उडायला हवं, काय करू, म्हणून विचारलं.

मान वर न करता ती म्हणाली, "घरी वागता, तसंच तिथे वागा."

दुसऱ्या दिवसापासून मी दाणे ठेवून पाठ फिरवायचो आणि मोबाइल बघत बसायचो. रावसाहेब घुमले, की नुसतं "हं". काडी आणली, की न बघताच "ठेवा तिथे". आठवड्याभरात ते कंटाळले. काड्या सूनबाईंकडे जाऊ लागल्या आणि एका सकाळी घरट्यात पांढरंशुभ्र अंडं दिसलं. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

समन्वयक बाईंचा घरी फोन आला. ही पद्धत सगळ्यांना शिकवू या, म्हणाल्या. तुम्ही कुठे शिकलात? मी घसा खाकरतोय, तोवर बायकोनं फोन घेतला.

"शिकले नाहीत हो, अंगातच आहे त्यांच्या. मीसुद्धा केव्हाच कंटाळले होते. पण माझ्या पिंजऱ्यात दुसरं कुणी सोडलंच नाही!"