डोमाभाऊंचा कोरम

मी ज्यांच्यामुळे शिकलो ते डोमाभाऊ, आणि आमच्या तालुक्यात सर्वांत हट्टी, निरुपयोगी माणूस कोण असं विचारलं तर तेही डोमाभाऊच. माझ्या वडिलांना कचेरीची पायरी चढायची भीती वाटायची. तेव्हा मला वसतिगृहात प्रवेश मिळेपर्यंत हा माणूस अधीक्षकांच्या व्हरांड्यात ठाण मांडून बसला होता. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यामुळे. हे उपकार मी विसरलेलो नाही. पण खरं ते लिहिलंच पाहिजे.

डोमाभाऊंचा उद्योग एकच: ग्रामसभेत उभं राहून ‘‘कोरम नाई!’’ म्हणून ओरडणं. कोरम म्हणजे सभेला लागणारी माणसांची ठरलेली संख्या. सरपंच खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच मागून आवाज यायचा, ‘‘माणसं मोजा पह्यले!’’ माणसं कमीच भरायची. कोणी मोहाची फुलं वेचायला, कोणी धानाच्या रोवणीला गेलेलं. सभा तहकूब. डोमाभाऊ जग जिंकल्यासारखे दुपट्टा झटकून निघायचे. ‘‘गोंडराजाच्या काळातबी पंच पुरे झाल्याबिगर गोष्ट निघत नोहोती,’’ हा इतिहास वर ऐकवायचे. कुठल्या राजाच्या, असं विचारलं की चिडायचे.

आता गंमत पाहा. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही. म्हणजे सरपंचाने आपले चार पित्ते बसवून हवा तो ठराव करावा. नालीचं काम पुतण्याला, समाजमंदिर स्वतःच्या आवाराला लागून, सारं अशाच सभांत झालं. मी डोमाभाऊंना हे समजावलंही होतं.

‘‘ते त्याहिचं पाप,’’ ते म्हणाले. ‘‘मी नियम सांगतलो.’’

मग सरकारने आमच्या गावाची नगरपंचायत करायचं काढलं. शहर म्हणायला इथे एक बसथांबा आणि दोन झेरॉक्सची दुकानं. नगरपंचायत झाली की रोजगार हमीची कामं बंद, घरपट्टी वर, आणि ग्रामसभाही कायमची गेली. सरपंचाला ते हवंच होतं. गावाने मात्र हरकतीचा ठराव करायचं ठरवलं. भर तेंदूच्या हंगामात लोक पानं तोडायची सोडून सभेला आले. तरी थोडी माणसं कमी पडली. सरपंचाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

डोमाभाऊ उठले.

‘‘बसा न गा भाऊ!’’ शेजारच्या सखूबाईने त्यांचं धोतर ओढलं. ‘‘आज आपलाच ठराव हाय!’’

‘‘आपला हाय म्हणून का नियम बदलते?’’

‘‘बुढ्याचं डोस्कं फिरलं बे,’’ मागून कोणीतरी म्हणालं.

‘‘कोरम नाई!’’

‘‘डोमाभाऊचं बरोबर हाय,’’ सरपंच म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! पुढची सभा त्यांनी भल्या सकाळी लावली, सारं गाव जंगलात असताना. ठराव झाला: गावाची हरकत नाही.

आता ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीवर नगरपंचायतीची नवी पाटी आहे. लोक डोमाभाऊंचं नाव शिवीसारखं घेतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. नियम राखला आणि सभाच घालवली, असा शहाणा जिल्ह्यात दुसरा नसेल.

दिवाळीला गावी गेलो तर ते पारावर एकटेच बसलेले. पूर्वी सभेच्या आदल्या दिवशी घरोघर निरोप देत फिरायचे.

‘‘काय भाऊ, आता फेरी बंद?’’ मी टोचून विचारलं.

‘‘कोनाकडे जाऊ बाबू? सभा सांगाले जात होतो त कोनी चहा पाजे, कोनी शिव्या दे. तुही काकू गेल्यापासून तेवढंच बोलणं होये. आता काय म्हणून कोनाच्या दारात उभा राहू, सांग?’’

नोकरीच्या गावी, घुग्घुसला परतल्यावर मी त्यांना पत्र टाकलं:

‘‘तीर्थस्वरूप डोमाभाऊ, नमस्कार. त्या सभेत तुम्ही चुकलात. हे मी तुमच्या तोंडावरही म्हणेन. सखूबाईचं रोजगार हमीचं काम गेलं, ते तुमच्यामुळे. तिच्या दारात जायला एवढं कारण पुरे आहे. जा, आणि चुकलो म्हणा. ती शिव्या देईल. ऐकून घ्या, नियम सांगू नका. आणि लगेच उठू नका. चहा होईपर्यंत थांबा.’’