एक कुटुंब, एक कलावंत

सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिंपरटोला हे गाव आहे. गावात धान पिकतो, दोन राईस मिल आहेत आणि एक हेवी मेटल बँड आहे. पहिल्या दोन गोष्टींची नोंद शासनाकडे आहे.

बँड भूपेंद्र आणि भूषण सोनकुसरे या सख्ख्या भावांचा. २००९ साली त्याचे नाव 'काळं डांबर' होते, २०१४ साली 'विजेचा खांब' झाले आणि २०१९ पासून ते 'अस्थिभंग' आहे. दोन्ही वेळा बेस वाजवणारा माणूस नोकरी लागून निघून गेला आणि उरलेल्या दोघांनी नाव बदलले; आता ते बेसशिवायच वाजवतात. भूपेंद्र, वय छत्तीस, गिटार वाजवतो आणि गातो. तो करतो त्याला गाणे म्हणावे का, यावर गावात मतभेद आहेत. भूषण, वय तेहतीस, ड्रम वाजवतो. एरवी थोरला वडिलांच्या मागे राहिलेले कापडाचे दुकान पाहतो आणि धाकटा मोटारपंपांची वायंडिंग करतो. सोळा वर्षांत ते नागपूर, रायपूर आणि एकदा पुण्यालाही वाजवून आले. स्वतःच्या जिल्ह्यात मात्र राईस मिलच्या गोदामापलीकडे त्यांना जागा मिळाली नव्हती. त्यांची आई शोभाताई यांनी मुलांना रोज ऐकले होते, पण मंचावर एकदाही पाहिले नव्हते.

त्यामुळे जिल्हा कलावंत प्रोत्साहन कक्षाने मोठा मंच, खरी साउंड सिस्टिम आणि प्रत्येक पथकाला वीस मिनिटे अशी योजना जाहीर केली, तेव्हा भावांनी पहिल्याच दिवशी अर्ज नेऊन दिला.

कक्षाचे लिपिक टेकचंदजी यांच्याकडे पुरवठा शाखेच्या टेबलाचाही अतिरिक्त कार्यभार होता. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"अर्ज चांगला आहे. फोटोही सरळ चिकटवला. पण हे नाही बसत."

"मेटल आहे म्हणून?" भूपेंद्रने विचारले.

"मेटलचं शासनाले काही वावडं नाही. 'इतर वाद्ये' मध्ये टाकून देऊ. अडचण नियम सात-ब ची आहे. एक कुटुंब, एक कलावंत. तुम्ही दोघं एकाच रेशन कार्डावर आहात."

"भाऊ आहो आम्ही."

"तेच तर सांगून राहिलो. बँड चालते. भाऊ नाही चालत."

नियमामागचा हेतू शुद्ध होता. आदल्या वर्षी एका पदाधिकाऱ्याच्या घरचे अकराही जण एकाएकी कीर्तनकार निघाले होते आणि त्यांतला सर्वांत लहान कीर्तनकार अंगणवाडीत होता. तेव्हापासून कक्षाने कुटुंबे मोजायला सुरुवात केली.

"मग आम्ही करावं काय?" भूषण म्हणाला.

"दोन रस्ते आहेत. एक तर दोघांपैकी एकाने बाहेर पडा आणि त्याच्या जागी कोणी परका घ्या. नाही तर वेगळे व्हा. कागदापुरते. महिन्याभराचं काम आहे. सारेच करते."

एकत्र वाजवायचे असेल तर आधी वेगळे व्हावे लागेल, हे तर्कदृष्ट्या निर्दोष होते. भावांनी दुसरा रस्ता निवडला.

विभक्त शिधापत्रिकेसाठी शपथपत्र लागते. त्याचा नमुना तयार असतो, फक्त नावे भरायची असतात. 'आम्ही स्वखुशीने विभक्त झालो असून आमचा एकमेकांच्या चुलीशी, ताटाशी व सुखदुःखाशी कोणताही संबंध उरलेला नाही.'

"चूल, ताट समजलं," भूषण म्हणाला. "सुखदुःख कायले पाहिजे यात?"

"नमुन्यात आहे," टेकचंदजी म्हणाले.

त्यानंतर आईचा प्रश्न आला. आई अर्धी-अर्धी लावण्याची सोय संगणकात नव्हती. शोभाताई म्हणाल्या, "टाका मोठ्याच्या कार्डावर. लहाना कुठं चालला? मधात एक दार तर आहे." आई भूपेंद्रच्या कुटुंबात गेली. भूषण एकसदस्यीय कुटुंब झाला आणि स्वतःचा कुटुंबप्रमुख म्हणून त्याने स्वतःच सही केली.

पंधरा दिवसांनी पुरवठा निरीक्षक चुलींच्या पाहणीला आले. घरात दोन खोल्यांत दोन गॅस शेगड्या होत्या, दोन कुकर होते. निरीक्षकांनी दोन्ही कुकर उघडायला लावून दोन्ही वरणांची चव घेतली आणि पाहणी अहवालात लिहिले: 'लसणाचे प्रमाण, तिखट व फोडणी करपण्याची मर्यादा दोन्ही नमुन्यांत समान आढळली. चुली दोन, हात एक. अर्ज अमान्य.'

"एका आईनंच शिकवलं ना साहेब दोघांले," शोभाताई म्हणाल्या.

"शिकवलं असेल. शिजवायचं नाही," निरीक्षक म्हणाले. "आणि हे मधातलं दार? दार असलं का वाटी जाते इकडून तिकडे."

ती वाटी खरोखरच जात असे. तेव्हा दार काढून तिथे साडेचार इंची विटांची भिंत घातली आणि भूषण स्वतः स्वयंपाक करू लागला. दुसऱ्या पाहणीत निरीक्षकांनी भूषणच्या वरणाचा एकच घोट घेतला, दोन पेले पाणी मागितले आणि लिहिले: 'विभक्त असल्याबद्दल शंका उरत नाही.'

मात्र बँडचा सरावही याच उघड्या दारातून, एकमेकांना पाहत होत असे. भिंतीमुळे ड्रम एका कुटुंबात राहिले आणि गिटार दुसऱ्यात. ध्वनीला ही अडचण फारशी जाणवली नाही. सराव भिंतीआडून सुरू राहिला आणि पहिले तीन-चार दिवस तो ठीकच वाटला. अडचण गाणे संपवण्याची होती. गेली सोळा वर्षे गाणे थांबवायचे असले की भूपेंद्र हनुवटी वर करी आणि भूषण शेवटचा ठोका देई. आता हनुवटी दिसत नव्हती. दोघांपैकी आधी कोणी थांबायचे हे न ठरल्यामुळे एका रविवारी चार मिनिटांचे गाणे एकेचाळीस मिनिटे चालले. वीज गेली म्हणून ते संपले.

गावाने हे सगळे पाहिले. शपथपत्र झाले, वेगळी चूल झाली, भिंत झाली, आणि आता दोघे भाऊ भिंतीच्या दोन बाजूंनी तासन्‌तास एकमेकांवर आवाज करत होते. निष्कर्ष काढण्यासाठी एवढी निरीक्षणे पुरेशी होती. गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष भैयाजी दुकानात आले.

"भूपेंद्र, बापू, तुमचा वाद काय आहे ते समितीपुढं येऊ दे."

"वाद नाही भैयाजी. कार्यक्रम आहे आमचा. त्याच्यासाठी केलं हे."

"कार्यक्रमासाठी मांडव घालते माणूस. भिंत नाही घालत."

"कागदापुरतं आहे."

"कागदच तर आला न माह्याकडे. सुखदुःखाचा संबंध नाही म्हणून लिहून दिलं तुम्ही. आता नऊ वर्षं झाले गावात तंटा नाही. तंटा असला तर मिटवावं लागते. नसला तर तुमचं शपथपत्र खोटं, आणि मग ते वर कळवावं लागते. सांग, काय लिहू?"

भूपेंद्रने भूषणला दुकानात बोलावून घेतले आणि दोघांनी विचार केला. शपथपत्र खोटे ठरले तर कार्ड रद्द होईल आणि मंच जाईल. तंटा मान्य केला तर तो मिटवावा लागेल, पण मिटवायला तारीख पडेल आणि तारीख कार्यक्रमानंतरची घेता येईल. त्यांनी तंटा मान्य केला.

"बिनकारणाचा तंटा नोंदवता येत नाही," भैयाजी म्हणाले. "दोघांनीही आपापलं कारण लिहून द्या. वेगवेगळं बसून. एकाचं दुसऱ्यानं पाहाचं नाही."

ग्रामपंचायतीच्या दोन टोकांच्या बाकांवर दोघे बसले. काहीतरी खोटे लिहायचे, एवढेच ठरले होते. पण खोटे कारण सुचवण्यासाठी भांडणाचा काही अनुभव लागतो आणि तो दोघांकडे नव्हता. वीस मिनिटे खोटे काही सुचेना. मग दोघांनी लिहिले.

जबाब समितीपुढे मोठ्याने वाचण्याची पद्धत आहे. भैयाजींनी चष्मा पुसला आणि आधी धाकट्याचा वाचला. 'सोळा वर्षांत एकाही पोस्टरवर माझा चेहरा आलेला नाही. मी झांजेच्या मागे असतो. २०१६ साली बँडसाठी मी चाकणची नोकरी सोडली. सोडू नको, असे दादा म्हणाला नाही.'

मग थोरल्याचा. 'भूषण प्रत्येक गाण्यात शेवटच्या मिनिटाला वेग वाढवतो. त्याने माझ्यासाठी नोकरी सोडली, हे त्याने आजवर एकदाही बोलून दाखवले नाही. रोज बोलला असता तर बरे झाले असते.'

भैयाजींनी कागद खाली ठेवले. "वा. पक्कं कारण आहे," ते म्हणाले आणि नोंदवहीत तंटा क्रमांक एक लिहिला.

दोघे भाऊ घरी परत येताना एकाच मोटारसायकलवर होते, कारण दुसरी नव्हती. 

"अबे, खरंच वाढवतो का मी वेग?" भूषणने मागून विचारले.

"मी म्हटलं असतं सोडू नको, तर थांबला असता का?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे नोंदवण्याचा रकाना नव्हता. त्या दिवसापासून भिंतीआडचा सराव वेळेवर संपू लागला. भूषण लवकर थांबत असे.

यथावकाश दोन नवी कार्डे आली. भावांनी ती टेकचंदजींपुढे ठेवली. टेकचंदजींनी सात-ब समोर बरोबरची खूण केली, अभिनंदन केले, आणि पुढचे पान उलटले.

"आता कलम अकरा. ज्यांच्यात तंटा नोंदलेला आहे ते दोन पक्ष एकाच वेळी एका मंचावर येऊ शकत नाही. कायदा व सुव्यवस्था. तुमचा तंटा वर आलेला आहे."

"पण तुम्हीच म्हटलं का वेगळे व्हा," भूषण म्हणाला.

"वेगळे व्हा म्हटलं मी. भांडा कुठं म्हटलं?" टेकचंदजींना खरोखर वाईट वाटले होते. "पण यातून रस्ता निघते. वीस मिनिटं मंजूर आहेत. दहा-दहा करून टाकतो. चार दहाले थोरले, चार वीसले लहाने. दोन कुटुंबं, दोन कलावंत, दोन प्रमाणपत्रं. कोणाले हरकत असेल तर इथं लिहा, मी फाईल वर पाठवतो."

हरकतीसाठी तीन ओळी मोकळ्या होत्या. टेकचंदजींनी पेन आधी भूपेंद्रपुढे धरले, मग भूषणपुढे. भूपेंद्रला वाटले, याला खरेच माझ्यासोबत वाजवायचे असेल तर हा लिहील. भूषणला वाटले, निदान या वेळी तरी दादा काही म्हणेल. पेन परत टेकचंदजींच्या खिशात गेले.

कार्यक्रमाला गर्दी चांगली झाली. भिंत घालणारे भाऊ पाहायला तुमसर, बपेरा आणि थेट आंबागडहून लोक आले होते. शोभाताईंना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. चार दहाला भूपेंद्रने गिटार वाजवली आणि गायला. चार वीसला तो डावीकडून उतरला, उजवीकडून भूषण चढला आणि त्याने ड्रम वाजवले. गाणे एकच होते. सोळा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून बसवलेले ते पहिले गाणे, आधी थोरल्याची गिटार आणि मग धाकट्याचे ड्रम असे जिल्ह्याने ऐकले. श्रोत्यांना ते फार आवडले. पुढच्या मोसमासाठी दोघांनाही वेगवेगळी निमंत्रणे आली. आयोजकांची अट एवढीच होती, की तंटा तोवर मिटलेला नसावा.

शोभाताईंनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही कार्डे पिशवीत घालून टेकचंदजींकडे गेल्या.

"हे एक करून द्या बाप्पा."

"दोघं तयार आहेत का काकू?"

"विचारायसाठी दोघं एका ठिकाणी बसले तर पाहिजे. तुमी कार्ड एक करा, मी एका चुलीवर रांधतो, जेवाले बसले का विचारतो."

टेकचंदजींनी कपाट उघडले आणि सगळे गठ्ठे खाली काढले. "विभक्त करायचा नमुना आहे. नाव कमी करायचा आहे, वाढवायचा आहे. कार्ड हरवल्याचा आहे, भिजल्याचा आहे, उंदरानं कुरतडल्याचाही आहे. एकत्र करायचा नाही."

"असा कसा नाही?"

"कोणी मागतलाच नाही काकू. एकोणीस वर्षं झाले मले. वेगळे व्हाले गेल्या साली चारशे बारा आले. सारेच म्हणते, कागदापुरतं."

"मग?"

"मग काही नाही. अर्ज देतानी सारेच खोटे असते. पाच वर्षांनी पडताळणीले गेलो, का एकही खोटा निघत नाही."

टेकचंदजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याच दिवशी वर पत्र लिहिले. तीन आठवड्यांत उत्तर आले: कुटुंबे एकत्र करण्याचा नवा नमुना छापण्यास हरकत नाही, मात्र मागणी सिद्ध व्हावी, किमान पन्नास अर्ज आवश्यक. शोभाताईंचा अर्ज साध्या कागदावर घेऊन त्याला क्रमांक एक देण्यात आला. उरलेल्या एकोणपन्नासांसाठी टेकचंदजींनी खिडकीवर ठळक अक्षरांत सूचना लावली आणि खाली शोभाताईंची हकिगत थोडक्यात दिली.

सूचनेला आता सात महिने झाले. रांग लांब असते, त्यामुळे ती सगळेच पूर्ण वाचतात. वाचून त्यांना हळहळ वाटते, आत्ता तुम्हाला वाटली तशीच. मग आपला नंबर येतो, आणि ते विभक्तचा नमुना मागतात.