माझ्या दहाव्याचा कावळा

माझ्या दहाव्याचा कावळा मंगळवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसला, तेव्हा मी जिवंत होतो आणि पेज पीत होतो.

"आधी चौकशी करून ठेवलेली बरी," कावळा म्हणाला. "घाटावर फार खोळंबा होतो. माणसाचं काय राहिलंय ते घरच्यांना ठाऊक नसतं. मग ऊन चढलं की दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि मंडळी जेवायला जातात. आमच्यावाचून काही अडत नाही, असा समज होतो."

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी जन्मभर जकात नाक्यावर नोकरी केली. पुढे सोडण्याआधी विचारपूस करायची असते, हे मला कुणी शिकवायला नको. शिवाय पोटातल्या गाठीपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा तो फार लवकर आला असंही नव्हतं.

पद्धत त्याने समजावून सांगितली. रोज सकाळी खिडकीत भाताचा गोळा ठेवायचा. माझं काही राहिलं असेल तोवर तो शिवणार नाही, आणि तो शिवेपर्यंत मी मरणार नाही. शिवला की त्याच दिवशी.

"काय राहिलंय?"

"जगायचं राहिलंय."

"ते सगळ्यांचंच राहतं. ते धरत नाहीत. दुसरं?"

मी घाबरलो. काहीच निघालं नाही तर उद्याच आटोपलं. घाईघाईने म्हणालो, "हिने मला एकदा नावाने हाक मारायला हवी होती."

माझी बायको मालती ओट्यापाशी उभी होती. सगळ्या संसारात मी तिच्यासाठी 'अहो' होतो, लोकांपुढे 'हे'. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर ती शेजारणीला पुढे करायची.

"काहीतरीच तुमचं," ती म्हणाली. "लग्नात घेतलं होतं की, उखाण्यात."

"उखाण्यातलं धरत नाहीत," कावळा म्हणाला. "ते लोकांसाठी असतं."

मालतीने गॅस बारीक केला. "म्हणजे मी नाव घेतलं नाही, तर हे राहतील?"

"राहतील."

"मग झालं तर," असं म्हणून तिने भाताचा गोळा वळायला घेतला.

कावळा रोज यायचा, गोळ्याकडे बघायचा आणि उडून जायचा. "नाही शिवला हो!" मालती जिन्यातून ओरडून सांगायची. मलाही आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या नावाचा एक वाणी होता. चुकून तोंडून जायला नको म्हणून तिने दुकान बदललं.

पावसाळा गेला, थंडी गेली. गाठ वाढत राहिली. औषधं लागू पडेनाशी झाली, अंगावर मांस उरलं नाही, कूस बदलली की मी ओरडायचो. डॉक्टर येऊन नाडी बघायचे आणि निघून जायचे. पुढे ते यायचेच बंद झाले.

"मार की एकदा हाक," मी म्हणालो.

"नाही जमायचं."

"फार दुखतंय गं."

"दिसतंय मला. आणि नंतर मी या घरात कुणाशी बोलू? भिंतींशी?" ती रडत होती आणि चिडलीही होती.

मी कावळ्याला मध्ये पडायला सांगितलं. "आम्ही सक्ती करत नाही," तो म्हणाला. "पलीकडच्या पेठेत एक गृहस्थ आहेत. त्यांचा आता नुसता आवाज उरलाय. घरचे रोज गोळा ठेवतात."

हे मालतीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिने चमच्याने पाणी पाजलं, ते सगळं ओठांच्या कडेने बाहेर आलं. तिने पदराने माझी हनुवटी पुसली. मग भात कालवला, त्यावर आज दही घातलं, गोळा खिडकीत ठेवला आणि परक्या माणसासमोर कधी बसली नव्हती तशी कावळ्यादेखत माझ्या कॉटवर येऊन बसली.

"भालचंद्र," ती म्हणाली.

आवाज तिचा वाटत नव्हता. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.

"भालचंद्र, फार दुखतंय का रे तुला?"

"नाही," मी म्हणालो.

तिने आणखी एकदा हाक मारली, मग आणखी एकदा. तिला जमायला लागलं होतं. खिडकीत कावळा जेवत होता.