बाकदार फोन आणि बावीस कॉल

छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या मुद्रितशोधकाला स्वतःची चूक मात्र दिसत नव्हती. ती त्याच्या हातातच होती. केळ्यासारखा बाक असलेला नवा कोरा फोन.

“याचा उपयोग काय?” बायकोने विचारले.

“गालाला नीट बसतो.”

“तो बघायला घेतलास की गालाला लावून बसायला?”

“मागच्या खिशातही बसतो.”

खिशात तो बसला खरा, पण मुद्रितशोधक स्टुलावर बसताच उसळून शाईच्या डब्यात गेला. मुद्रितशोधक कव्हर घ्यायला गेला तर दुकानदार म्हणाला, “या मापाचं येत नाही. शिंप्याकडून शिवून घ्या.” टेबलावर ठेवून टाइप करावे, तर फोन नुसताच डुलायचा. तरी गडी हटेना. पडलो तरी नाक वर.

त्यांची मुलगी दोन महिन्यांची. चार दिवस तिने रडण्याचा सपाटा लावला होता आणि बायकोच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या दुपारी तिने चहात साखरेऐवजी बाळाची पावडर घातली आणि तो शांतपणे पिऊन टाकला. मुद्रितशोधक मनापासून घाबरला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्याने मुलगी मांडीवर घेतली.

“तू झोप. मी आहे ना.”

“तीच तर काळजी आहे,” असे म्हणत ती आत गेली.

मुलीने भोकाड पसरले. खुळखुळा झाला, गाणे झाले, माकडासारखे तोंड करून झाले. काही उपयोग नाही. तेवढ्यात टेबलावर, आवाज बंद करून ठेवलेल्या फोनवर छापखान्याच्या मालकांचा कॉल आला. फोन थरथरला आणि थरथरता थरथरता डुलू लागला.

मुलगी गप्प. डोळे वाटोळे करून बघत राहिली.

त्याने हात पुढे केला. मोठा अहवाल मशीनवर चढणार होता, मालकांचा फोन न उचलणे म्हणजे नोकरीशी खेळ. पण आतून बायकोचे घोरणे ऐकू आले. इतका गोड आवाज त्याने लग्नापासून ऐकला नव्हता. त्याने हात मागे घेतला.

फोन थांबला. मुलीचा खालचा ओठ बाहेर आला. आणि देव पावावा तसा मालकांचा पुन्हा कॉल आला.

मालक स्वभावाने चिवट. बाविसाव्या कॉलला मुलगीही झोपली. मग त्याने गॅलरीत जाऊन, जीव मुठीत धरून मालकांना परत फोन लावला.

“जिवंत आहेस का?” मालक गरजले. “अध्यक्षांचा फोटो उलटा लागलाय. तासभर मशीन बंद ठेवून बसलोय मी.”

“साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?” तो म्हणाला. त्याने सगळे सांगून टाकले. आता नोकरी गेली, असे त्याने गृहीत धरले.

“आमच्याकडे जुळी होती,” मालक म्हणाले. “वर्षभर बायको बसल्या बसल्या पेंगायची. मी छापखान्यात.”

“हो, साहेब.”

“फोटो मी बघतो. उद्या कामाला ये, पण फोन घरीच ठेव. दोन वाजल्यापासून मी कॉल सुरू करतो.”