परबकाकांचं हत्यार

परबकाका कुठलीही वस्तू पहिल्यांदा पालथ्या हाताने शिवत. चहाचा कप, दाराची कडी, बाजारातलं पापलेट, सगळ्याला आधी पालथी बोटं लागायची. चाळीत नवी सून नमस्काराला वाकली, की तिच्या डोक्यावरही आधी पालथी बोटं आणि मग आशीर्वाद. काका लालबागच्या एका गिरणीत वायरमन होते. "करंट आसलो तर सुलटो हात चिकटता, उलटो सुटता," असं ते शांतपणे समजावत. पापलेटात करंट कुठून येणार, हे विचारायची कोळणीचीही हिंमत नव्हती.

त्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती होत्या. अर्थिंग असलेली, म्हणजे तार जमिनीला धरून असलेली, आणि नसलेली. मला एक स्थळ आलं होतं. मुलगा दिसायला छान होता, बोलायला तर फारच छान होता. काकांनी त्याला जिन्यात ओझरता पाहिला आणि बाबांना हाक मारून सांगितलं, "ह्येका अर्थिंग नाय." स्थळ मोडलं. पुढे तो दुबईत जाऊन गब्बर झाल्याचं कळलं. मी काकांना जाब विचारला, तर म्हणाले, "वाळवंटात कोणाकच अर्थिंग नाय. थंय चलता."

मग गिरण्यांचा संप आला. पहिले काही महिने चाळीत जत्रेसारखी गर्दी होती. पुरुष घरात, म्हणून पत्ते, गप्पा, भजन. नंतर पत्ते थांबले, माणसं गावाकडे निघाली. काकांनी चाळीतल्या सगळ्या बिघडलेल्या बटणांची दुरुस्ती केली, नंतर न बिघडलेलीही दुरुस्त केली. शेवटी काकी बाहेर पडल्या आणि भायखळ्याला खोके बनवायच्या कारखान्यात चिकटल्या.

काकींच्या येण्याच्या वाटेवर गिरणीच्या भिंतीलगतची गल्ली होती. तिथले दिवे गिरणीचे, आणि ते सांभाळायचं काम काकांचं. एक दिवा गेला तरी काका जेवण सोडून शिडी घेऊन धावत. आता गिरणीच बंद, तर दिवे कुठून लागणार? त्या गल्लीत एका बाईचं मंगळसूत्र कुणीतरी ओढलं. दुसऱ्या दिवसापासून काकींचं मंगळसूत्र संध्याकाळी जेवणाच्या रिकाम्या डब्यातून घरी येऊ लागलं. ते काकांनी पाहिलं.

सरळ जाऊन बायकोला घेऊन यावं, एवढं साधं होतं. पण ते काकांना जमेना. "संपवालो बायलेची वाट बगीत नाक्यार उभो रवलो, तर लोक काय म्हणतले?" असं ते मला एकदा म्हणाले. लोक काहीही म्हणत नव्हते, लोकांच्या स्वतःच्याच बायका पापड लाटत होत्या. पण पुरुषाचा हट्ट म्हणजे हट्ट. त्याला अर्थिंग नसतं, हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्याऐवजी त्यांनी काठी बनवली. मोडक्या छत्रीचा दांडा, टोकाला पितळेचे दोन खिळे, आत बॅटरीचे सेल आणि जुन्या घंटीची कॉइल. बटण दाबलं की काठी गुणगुणायची आणि खिळे ज्याला लागतील तो नाचायचा. काका आठवडाभर स्वतःच्याच दंडावर प्रयोग करून नाचत होते. "जास्ती नको," म्हणायचे. "चोर म्हणजे आपलीच पोरा. संपान वाया गेली. हात सुटाक व्हयो, जीव नाय."

आता काठी काकींच्या हातात द्यायची, तर काकांच्या डोक्यात नवाच किडा वळवळला. हे कायद्यात बसतं का? बाईमाणसाला पोलिसांनी हटकलं तर? मी तेव्हा फोर्टमध्ये एका वकिलांकडे टायपिस्ट होते. काका इस्त्रीचा सदरा घालून, काठी वर्तमानपत्रात गुंडाळून ऑफिसात हजर झाले.

साहेबांनी जाड पुस्तक चाळलं. "बंदुकीचं आहे, सुऱ्याचं आहे. या प्रकाराचा उल्लेख मला तरी दिसत नाही."

"म्हणजे चलता?"

"तसं म्हणता येणार नाही."

"म्हणजे चलना नाय?"

"तसंही म्हणता येणार नाही. स्वसंरक्षणाचा हक्क सर्वांना आहे. पण धक्का किती जोराचा बसतो, यावरही अवलंबून राहील."

"हात फुडे करा," काका म्हणाले.

साहेबांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. जिना उतरताना काका म्हणाले, "तुझ्या वकिलाक अर्थिंग आसा. पण करंटाचो फेज खंयचो, ता त्येकाच गावना नाय."

आणि मग, मला न सांगता, ते कायद्याच्या मुळाशी गेले. म्हणजे पोलीस चौकीत.

आता गिरणीत पक्कड, पाना, टेस्टर, सगळ्यालाच हत्यार म्हणतात. हत्यार नीट ठेव, हत्यार पुसून ठेव. खंडेनवमीला त्याच हत्यारांना हळदकुंकू लागतं. काकांनी उभ्या आयुष्यात दुसरा शब्द वापरला नव्हता. त्यांनी चौकीच्या टेबलावर वर्तमानपत्र सोडलं आणि अदबीने म्हणाले, "सायबानू, ह्या माझा हत्यार. जरा बगून घेवा."

दिवस संपाचे. संपकरी हत्यार घेऊन चौकीत आलाय, हे ऐकून हवालदार खुर्चीसकट मागे सरकले. काकांना बाकावर बसवलं. ते बिचारे समजावत गेले, "साधा हत्यार आसा, हातातला," आणि प्रकरण बिघडत गेलं.

चाळीत निरोप आला तेव्हा काकी नुकत्याच कामावरून आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि मला घेऊन त्याच अंधाऱ्या गल्लीतून चौकी गाठली. काकांचा चेहरा एवढासा झाला होता. नोकरी अधांतरी, आणि नावावर पोलीस केस पडली तर गिरणी सुरू झाली तरी आत कोण घेणार, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

फौजदारांनी पुन्हा विचारलं, "कुणाला मारायला बनवलं हे?"

काकांनी मान वर केली नाही. "मारूक नाय, सायबानू. ही सुकरूप घराक येवक व्हयी म्हणान."

काकी पुढे झाल्या. "काठी काय ती तुमी ठेवा," त्या म्हणाल्या, "माझो माणूस माका परत करा."

फौजदारांनी काठी जमा केली आणि माणूस परत केला. आम्ही गल्लीतून परतलो. मी मुद्दाम मागे राहिले. पुढे ती दोघं चालत होती, आणि काकी काकांवर इतक्या जोरात ओरडत होत्या, की कुणी चोर असलाच तर पळून गेला असेल.

दुसऱ्या संध्याकाळपासून काका कारखान्याच्या दारात उभे राहू लागले. कुणी विचारण्याआधीच सांगायचे, "हत्यार जमा झाला मां! म्हणान माका जावचा लागता." महिन्याभराने तोच हवालदार मला आणि काकांना बाजारात भेटला. "परब, सायेब म्हणालं तुमची काठी घिऊन जावा. वापरू नका म्हंजे झालं." काकांनी मान डोलावली, आणि तो वळताच मला दटावलं, "घराक सांगा नको." काठी आणायला ते कधीच गेले नाहीत. गिरणी उघडली नाही. काकी निवृत्त होईपर्यंत काका संध्याकाळी भायखळ्याला जात राहिले, आणि परतताना काकींचा डबा काकांच्या हातात असायचा.

परवा माझ्या भाचीने शॉक देणारं एक चिमुकलं यंत्र मागवलं. "मावशी, हे पर्समध्ये ठेवलेलं कायद्यात बसतं का गं?" दोन वकिलांना विचारलं. एक म्हणाला बसतं, दुसरा म्हणाला सांगता येत नाही. मला काकांची इतकी आठवण आली, की उठून काकींकडे गेले. त्या आता एकट्याच असतात. काका जाऊन बरीच वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही, म्हणून मी त्यांना हवालदाराचा तो निरोप सांगून टाकला.

काकी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"माका म्हायत होता," त्या म्हणाल्या. "हवालदाराची बायल माझ्याच वांगडा कामाक होती. पण मी कधी इचारूक नाय. इचारला आसता, तर त्येंका काठी आणूची लागली आसती."