तरफैन बराबर नागोराव

आमच्या शेजारच्या नागोरावांची उजवीकडची दाढ किडली, म्हणून त्यांनी डावीकडची धडधाकट दाढही उपटून घेतली. कळमनुरीच्या बाजारात दात काढणारा एकजण बसायचा. तो बिचारा हात जोडून म्हणत होता, "मालक, ह्या दाढेला काहून तकलीफ देता? चांगली हाये की!" नागोराव रक्ताची गुळणी टाकून गरजले, "तरफैन बराबर!" पुढं कितीतरी दिवस त्यांना कुठल्याच बाजूनं भाकरी चावता येईना. नुसती आंबील पीत होते, पण चेहऱ्यावर काय समाधान!

तरफैन म्हणजे दोन्ही बाजू. निजामाची राजवट, त्यामुळं हिंगोलीच्या शाळेत शिकवणं उर्दूतून. नागोराव तिथं बीजगणिताच्या उंबरठ्यापर्यंत पोचले, साधी समीकरणं आणि असमानता शिकले, आणि तेवढ्यात वडिलांनी लग्न लावून त्यांना शेतात जुंपलं. पुढचं त्यांना कधी कळलं नाही आणि मागचं ते कधी विसरले नाहीत. समीकरणाच्या एका बाजूला जे करायचं तेच दुसऱ्या बाजूला करायचं, हा नियम बाकीच्यांनी परीक्षेपुरता पाठ केला. या गृहस्थांनी तो संसाराला लावला. एक बैल लंगडायला लागला की दुसऱ्यालाही सुट्टी. पोरं भांडताना दिसली की चौकशी न करता दोघांच्याही पाठीत धपाटा. लग्नात मुलीकडच्या पंगतीतून जेवून उठले की हात धुऊन मुलाकडच्या पंगतीत बसत.

एकदा आमची बकरी हरवली. नागोराव आपणहून धावत आले. "बकरी म्हंजे अज्ञात. अज्ञाताला एकटं पाडा, मंग ते सापडतंयच." त्यांनी गल्लीतली गुरं, कोंबड्या, पोरं, आणि अंगणात झोपलेला एक म्हातारा बाजेसकट उचलून, असं सगळं एकेक करून गल्लीबाहेर काढलं. शेवटी खरंच फक्त बकरी उरली. ती नागोरावांच्याच स्वयंपाकघरात परातीतलं ज्वारीचं पीठ खात होती. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मिळाली ना, न्या घरी. छे! "ताळा करावा लागतो. उत्तर जागेवर ठिवून पाहा." त्यांनी बकरी पुन्हा परातीपुढं उभी केली. तिनं उरलेलं पीठही संपवलं.

"बराबर!" नागोराव म्हणाले. राधाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही.

असमानतेशी मात्र त्यांचं फारसं जमत नसे. "उण्यानं गुनलं की चिन्हाचं तोंड फिरतंय," ते मला समजावून सांगत. "मोठं ते लहान होतंय, लहान ते मोठं. भांडन म्हंजे उणे. घरात भांडन शिरलं की मी मालक असून लहान होतो." आतून राधाबाईंचा आवाज यायचा, "मंग भांडून राहिले काहून?"

त्यांना दोन मुली, गया आणि गोदा. दोघींना सगळं सारखं. एकीला लुगडं घेतलं की दुसरीला त्याच काठाचं. लग्नंसुद्धा एकाच मांडवात लावली. वर्ष उलटतं न उलटतं तोच गयेचा नवरा तापानं गेला. ती मोकळं कपाळ आणि मोकळे हात घेऊन माहेरी आली. आमच्या लोकांत विधवेला पुन्हा लग्न नाही, बांगडी नाही, कुंकू नाही. पोरगी अजून विशीतसुद्धा नव्हती. नागोराव त्यानंतर बरेच दिवस गणिताचं काही बोलले नाहीत.

श्रावणात पंचमीला गोदा माहेरी आली. कासार नागोरावांच्या ओट्यावर बांगड्यांची टोपली उघडून बसला, गल्लीतल्या बायका जमल्या. गोदेनं हात पुढं केला, तोच नागोराव बाहेर आले.

"तिला भरू नको. हातात हायेत त्याबी काढ, गोदे. गयेच्या वजा झाल्या, तुह्याबी वजा. तरफैन बराबर."

राधाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "जावाई जित्ता हाये माझा! डोस्कं फिरलं का तुमचं?"

बायकांना हसावं की पळावं कळेना. गोदा मात्र बापाचीच लेक. ती एकेक बांगडी काढायला लागली.

तेव्हा गया बाहेर आली. चारचौघींत यायचं तिनं सोडूनच दिलं होतं. तिनं बहिणीचा हात धरला. "आबा, तिच्या न्हाई काढायच्या. मला लई वाईट वाटतंय."

नागोराव तिच्या मनगटांकडं बघत राहिले. "मंग एकच रस्ता राहिला," ते हळूच म्हणाले. "तुह्याकडं मिळवावं लागंल." आणि कासाराला म्हणाले, "हिला भर. हिरव्या."

कासारानं टोपली मागं ओढली. गयेनं हात पाठीमागं लपवले. "लोक काय म्हनतील, आबा?"

नागोरावांनी स्वतःच टोपलीतल्या बांगड्या उचलल्या आणि लेकीपुढं मांडी घालून बसले. तिचा हात ओढून पुढं घेतला. औत धरून राठ झालेली ती बोटं. पहिली बांगडी फुटली, दुसरी फुटली, काच त्यांच्याच बोटात घुसली. शेवटी कासारालाच राहवेना. "द्या इकडं, मालक. लेकीचं मनगट कापताल तुमी." आणि तो भरू लागला.

समोरच्या घरातली म्हातारी कडाडली, "नागोराव, हे कोन्त्या गनितात बसतंय?"

आम्ही सगळे 'तरफैन'ची वाट बघत होतो.

"कशातच बसत न्हाई, काकू," बोटाचं रक्त धोतराला पुसत नागोराव म्हणाले. "मला तिचे मोकळे हात बघवत न्हाईत."

राधाबाई उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं, रडायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता.