तात्यांचं चोरबटण

अन्याय झाला तो वस्तीवरच्या सुंदराबाईच्या सुनेवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी सव्वादोन वाजता. त्याच वेळी पाथर्डीच्या बाजारातून आमच्या वस्तीची एकमेव जीप चोरीला गेली आणि इकडे त्या पोरीला कळा सुरू झाल्या. वस्तीला दिवसाला दोन एसट्या, त्यातली एक यायची आणि एक न यायची. शेवटी तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गोधडीवर आडवं घालून, खड्ड्याखड्ड्यांतून न्यावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण म्हणून हे कुणी विसरावं, असं मला वाटत नाही.

जीप आमच्या शेजारच्या बन्सीतात्यांची. तक्रार देताना त्यांना विचारलं गेलं, "गाडीला लॉक होतं का?"

"दाराला सुतळी हुती," तात्या म्हणाले. "दोन गाठी मारल्या हुत्या."

बाराव्या दिवशी जीप मिरजगावच्या अलीकडे सापडली. डिझेल संपलं तिथे चोराने ती सोडून दिली होती. सुतळी मात्र मिळाली नाही, याची तात्यांना अजून हळहळ आहे.

आज तुम्ही त्या जीपमध्ये बसलात, तर किल्ली फिरवायच्या आधी तात्या मागे वळून हुकूम सोडतात, "डोंगराकडं बघा." सगळ्यांनी माना वळवायच्या. ग्रामसेवक असो, वऱ्हाड असो, नवरी मुंडावळ्या सांभाळत का बसलेली असेना. शाळेवर नव्याने आलेल्या मास्तरांनी एकदा विचारलं, "डोंगरात काय आहे?"

"काई न्हाई. तरी बघा."

हे सगळं चोरबटणासाठी. जीप परत आली तशी तात्यांनी ती शब्बीरभाईंच्या गॅरेजात नेली. शब्बीरभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. स्टार्टरच्या वायरीत ते एक छोटी डबी बसवतात आणि तिचं बटण कुठेतरी लपवतात. बटण तीन सेकंद दाबून धरल्याशिवाय किल्ली कितीही फिरवा, गाडी ढिम्म. तात्यांनी जीपवर ताडपत्री टाकली, मला बाहेर पहाऱ्याला उभं केलं आणि म्हणाले, "भाई, तुमी बसवा. पन कुठं बसवताय ते बघू नका."

"तात्या, डोळं झाकून वायर जोडली तर गाडीच्या आधी मीच चालू व्हईन."

"बरं, मंग बघा. पन सांजच्याला इसरून जावा."

रस्त्यासाठी, एसटीसाठी पत्रकं मी काढतो, म्हणून तात्या मला पत्रकवाले म्हणतात. आठवड्याभराने त्यांनी मला चहाला बोलावलं. काकू जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्याला. चहा ते स्वतः करतात आणि स्वतः पीत नाहीत, कारण शुगर आहे. समोर बसून फक्त माझ्या कपाकडे बघत राहिले. मग कानाशी येऊन बटणाची जागा सांगितली. "फकस्त तुलाच सांगतो, पत्रकवाले. पोराला बी ठाव न्हाई. छापू नको." मी शपथ घेतली, त्यामुळे जागा या पत्रकातही लिहिणार नाही. तीन महिने मी ते गुपित घेऊन ताठ मानेने फिरलो.

दिवाळीनंतर ऊसतोडीची जोडपी कोयते घेऊन कारखान्याला गेली. वस्तीवर उरली म्हातारी माणसं, शाळा, गणपतचं किराणा दुकान आणि मी. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला सुंदराबाईची हाक आली. तात्या ओट्यावर कलंडले होते. अंग घामाने निथळत होतं, बोलणं अडखळत होतं. मास्तर, गणपत आणि मी मिळून त्यांना जीपमध्ये मागे घातलं. सुंदराबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

मी किल्ली लावली आणि क्षणभर थांबलो. शपथ होती. पण तात्यांचा चेहरा पाहिला आणि हात त्या जागी घातला.

"जोरात नको, नुसतं दाबून धर," मागून सुंदराबाई म्हणाली.

"तीन आकडे मोजायचे," मास्तर म्हणाले.

"पयल्यांदा हुत न्हाई ते," गणपत म्हणाला. "सोड आन परत दाब."

परत दाबलं. जीप सुरू झाली. आम्ही चौघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

"मला तर म्हनला, फकस्त तुलाच," सुंदराबाई पुटपुटली.

तेवढ्यात तिच्या मांडीवरून खोल गेलेला आवाज आला, "डोंगराकडं... बघा."

आम्ही बघितलं. चौघांनीही.

पाथर्डीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळी घेतली आणि पोटात अन्न नाही, शुगर उतरली. वेळेत आणलंत, ट्रॉलीतून आणलं असतं तर अवघड होतं. दुपारी तात्या उठून बसले, बिस्किट खाऊ लागले आणि आमचा जीव भांड्यात पडला. तो पडल्यावर मला राग आला.

"तात्या, चोरबटण म्हणायचं आणि सगळ्या वस्तीला सांगायचं?"

"मंग? मी नसलो तर पुन्यांदा कुनाला ट्रालीत घालनार का?"

"मग सगळ्यांना एकदमच सांगायचं. प्रत्येकाला 'फक्त तुलाच' कशाला?"

तात्यांनी चादरीवर पडलेला बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा केला.

"एकदम सांगितलं आसतं तर च्या एकदाच झाला आसता. नुसत्या च्याला माज्याकडं कोन येतंय?"

मी बिस्किटाचा पुडा त्यांच्याकडे सरकवला.

गेल्या आठवड्यात तात्यांनी शब्बीरभाईंकडे जाऊन बटणाची जागा बदलून घेतली. कालपासून वस्तीवर पुन्हा बोलावणी सुरू झाली आहेत.

म्हणून ही मागणी. आपल्या गाडीला चोरबटण बसवून घ्या, सुतळीवर विसंबू नका. आणि तात्यांचं बोलावणं तुमच्याकडे आलं, तर घाई आहे म्हणू नका. जा, बसा, चहा संपेपर्यंत थांबा. ते कानाशी येऊन जागा सांगतील. ती तुम्हाला आधीच सुंदराबाईकडून कळली असली, तरी पहिल्यांदाच ऐकताय असा चेहरा करा. आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसाल, तेव्हा मुकाट्याने डोंगराकडं बघा.